शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ हा उद्योगांमध्ये तरुणांना प्रत्यक्ष कामातून प्रशिक्षण देण्याविषयीचा भारतीय संसदेचा कायदा आहे. तो १ मार्च १९६२ रोजी अंमलात आला. ठरावीक मनुष्यबळ असलेल्या सरकारी व खासगी आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे या कायद्याने बंधनकारक असून त्यांतील काही जागा वंचित समाजगटांसाठी राखीव असतात.

== पार्श्वभूमी ==
ब्रिटिश राजवटीत १८५० साली शिकाऊ उमेदवारीविषयीचा पहिला कायदा झाला. सार्वजनिक धर्मादायातून वाढणाऱ्या अनाथ व गरीब मुलांना एखादा व्यवसाय शिकता यावा, हा त्याचा मुख्य हेतू होता. १९६१ च्या अधिनियमाने तो रद्द केला.

== स्वरूप ==
उमेदवार व आस्थापना यांच्यात करार होऊन त्याची नोंदणी होते. जोडारी, कातारी, वीजतंत्री, संधाता अशा निर्दिष्ट व्यवसायांचे प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना परीक्षेनंतर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक कायद्याच्या कक्षेत आले. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा त्याहून अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेने कंत्राटी कामगारांसह एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घ्यावे लागतात. २०१४ च्या दुरुस्तीने कायदाभंगासाठीची कारावासाची शिक्षा काढून केवळ दंड ठेवला.

== आरक्षण ==
कलम ३-अ नुसार अनुसूचित जाती व जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव असतात. त्यांचे प्रमाण संबंधित राज्यातील या गटांची लोकसंख्या विचारात घेऊन ठरते. २००७ च्या दुरुस्तीने इतर मागासवर्गीयांसाठीही अशी तरतूद झाली.

== विद्यावेतन ==
उमेदवाराला वेतनाऐवजी विद्यावेतन मिळते. २०१९ च्या नियमांनी किमान मासिक विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये ठरवले. सर्वांत कमी रक्कम दहावीपेक्षा कमी शिकलेल्यांसाठी आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली केंद्र सरकार विद्यावेतनाचा २५ टक्के, कमाल १,५०० रुपये, भार उचलते.

== उमेदवाराचा दर्जा व नोकरी ==
कलम १८ नुसार उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो. त्यामुळे सर्वसाधारण कामगार कायदे त्याला लागू होत नाहीत. मात्र कारखान्यातील आरोग्य, सुरक्षितता व कल्याणाच्या तरतुदींचे संरक्षण त्याला असते आणि कामावर इजा झाल्यास भरपाई मिळते.

प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे सरसकट बंधन मालकावर नाही. २०१४ नंतर आस्थापनेने याविषयी स्वतःचे भरती धोरण ठरवायचे असते. उत्तर प्रदेश राज्य परिवहन महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये, इतर बाबी समान असल्यास प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीतील उमेदवारांपेक्षा प्राधान्य द्यावे, असा निर्णय दिला. तथापि हे प्राधान्य म्हणजे नोकरीचा हक्क नव्हे. तसेच कायद्यातील आरक्षण प्रशिक्षणाच्या जागेपुरतेच आहे. खासगी आस्थापनेत राखीव जागेवर शिकलेल्या तरुणाला तेथील नोकरीसाठी मात्र असे आरक्षण मिळत नाही.