राखीव शिपाई आणि त्याचा धनी

फौजेंतून परतलेल्या माणसास नोकरी देणारा त्याजवर उपकार करतो, असा समज पुष्कळांचा असतो. या देवघेवींत कोणाचें देणें किती, हें पाहावयाचें तर इंग्लंडच्या राखीव सैन्याचा इतिहास चाळावा, असें आम्हांस वाटतें.

1870 सालीं युद्धमंत्री कार्डवेल यानें शिपायाच्या 12 वर्षांच्या कराराची वांटणी केली : पहिलीं कांहीं वर्षें पलटणींत, उरलेलीं राखीव दलांत. राखीव शिपायानें घरीं राहावें, सरकारकडून अल्पसें वेतन घ्यावें, आणि बोलावणें येतांच हजर व्हावें. मोठी खडी फौज न पोसतां युद्धकाळीं तयार माणसें मिळण्याची ही युक्ति सरकारच्या सोयीची होती खरी. पण मधल्या काळांत त्या माणसानें खावें काय? अठराव्या वर्षीं भरती झालेला मुलगा चोविशी-पंचविशींत बाहेर पडे, तेव्हां त्याचे सोबती सुतारकामांत किंवा गवंडीकामांत हात बसवून मोकळे झालेले असत. ह्याला येई ती कवाईत. त्यांत युद्ध पेटलें कीं हा चालता होणार, ही धन्याला धास्ती! अशा शिपायांस कामें मिळवून देण्याकरितां 1885 सालीं एक स्वतंत्र संस्थाच काढावी लागली, यावरून त्यांची दैना समजून येईल.

ज्यांनीं त्यांस ठेविलें, त्यांना काय मिळालें? अफाट शहरांत अनोळखी माणसाची पारख करणें कठीण. ह्याच्या हातीं मात्र लष्करानें दिलेला वर्तणुकीचा लेखी दाखला असे. वेळ पाळणें, हुकूम नीट ऐकून तो तसाच तडीस नेणें, यांचें शिक्षण सरकारी खर्चानें झालेलें. रेल्वे, टपाल व पोलीस या खात्यांनीं हा लाभ चांगला ओळखला. त्याचें मोल मात्र एकदम चुकतें करावें लागे. 1899 सालीं बोअर युद्धाकरितां राखीव शिपायांस बोलावणें गेलें. पुढें ऑगस्ट 1914 मध्यें फ्रान्सांत उतरलेल्या कित्येक ब्रिटिश पलटणींत निम्म्याहून अधिक शिपाई राखीव होते. पंधरवड्यापूर्वीं हे लोक कोठें पत्रें वांटीत, कोठें पहारा करीत होते. त्यांच्या जागा एका आठवड्यांत ओस पडल्या.

1985 च्या कायद्यानें युद्धावरून परतलेल्या राखीव सैनिकास पुन्हां कामावर घेणें ब्रिटनमधील धन्यावर बंधनकारक केलें. 2014 च्या सुधारणेनें लहान व मध्यम धंदेवाल्यांस, त्यांचा माणूस लष्करी कामावर असेपर्यंत, दरमहा 500 पौंडांपर्यंत जादा साहाय्य देऊं केलें. हा दुसरा उपाय आम्हांस अधिक शहाणपणाचा वाटतो. तोट्याचा वांटा उचलल्यावांचून सरकारनें दुकानदारास देशभक्तीचा उपदेश करूं नये.

धन्याच्या लाभाचें सर्वांत ठळक उदाहरण मात्र अगदीं अलीकडचें आहे. अफगाणिस्तानांतील कॅम्प बॅस्टियन येथें 2014 पर्यंत ब्रिटिश लष्कराचें रुग्णालय होतें. ब्रिटनच्या सार्वजनिक रुग्णालयांतील कित्येक डॉक्टर व परिचारिका राखीव दलाच्या नात्यानें तेथें पाळीपाळीनें जात. सुरुंगानें पाय तुटलेल्या शिपायाचा रक्तस्राव कसा थांबवावा, त्यास किती त्वरेनें व कोणत्या प्रमाणांत रक्त द्यावें, हें तेथें त्यांच्या हाडींमासीं खिळलें. ते घरीं परतले, आणि रस्त्यावरील अपघातांत सांपडलेल्या रोग्यांस त्याच हातांनीं वांचवूं लागले. त्या शिक्षणासाठीं त्यांच्या धन्यास कांहीं महिन्यांची गैरहजेरी तेवढी सोसावी लागली होती.