कंपवातावर मूलपेशींची मात्रा

मोडलेले हाड सांधते, जखम भरून येते. मात्र मेंदूतील चेतापेशी नष्ट झाल्या की त्यांची जागा बहुतांशी रिकामीच राहते. कंपवात अर्थात पार्किन्सन्स या विकारात हेच घडते. मध्यमेंदूतील एका लहानशा काळसर भागात डोपामाइन हे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. परिणामी हातांना कंप सुटतो, स्नायू ताठरतात, हालचाली मंदावतात. लेव्होडोपा हे औषध डोपामाइनची उणीव भरून काढते. पण पेशींचा ऱ्हास थांबवू शकत नाही. म्हणूनच संशोधकांचे लक्ष मूलपेशींकडे वळले.

मूलपेशी स्वतःसारख्या नव्या पेशी निर्माण करतात, तसेच योग्य संकेत मिळताच विशिष्ट कार्याच्या पेशींत रूपांतरित होतात. प्रौढ उंदराच्या मेंदूतही अशा पेशी असल्याचे कॅनडातील ब्रेंट रेनॉल्ड्स व सॅम्युएल वाइस यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले.

पेशी-रोपणाचे प्रयत्न मात्र त्याआधीच सुरू झाले होते. स्वीडनमधील लुंड येथे १९८७ मध्ये गर्भाच्या मेंदूतील पेशी रुग्णांच्या मेंदूत रोपण करण्यात आल्या. काहींना दीर्घकाळ लाभ झाला. परंतु २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील तुलनात्मक चाचणीत, रोपण झालेल्या काही रुग्णांत अनियंत्रित हालचालींचा नवाच त्रास उद्भवला. शिवाय गर्भपेशी मिळवण्यात नैतिक व व्यावहारिक अडचणी होत्याच.

जपानचे शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या त्वचेतील साध्या पेशींना मूलपेशींसारखे रूप दिले. पुढच्याच वर्षी मानवी पेशींबाबतही हे साध्य झाले. या कार्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. याच तंत्राने तयार केलेल्या पेशींची चाचणी क्योतो विद्यापीठात २०१८ मध्ये सुरू झाली. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार सात रुग्णांत रोपण झाले, कोणातही गाठ आढळली नाही. परिणाम तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचालींत सुधारणा दिसली. संख्या लहान आहे. म्हणूनच मोठ्या चाचण्यांची आवश्यकता आहे.

सावधगिरीचे कारणही ठोस आहे. मॉस्को येथे गर्भातील चेता-मूलपेशी टोचलेल्या एका मुलाच्या मेंदूत व मज्जारज्जूत गाठी वाढल्या. त्या दात्याच्या पेशींपासूनच निर्माण झाल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात स्पष्ट झाले. वाढण्याची जी क्षमता मूलपेशींना मोलाची बनवते, तीच अनियंत्रित झाल्यास घातक ठरते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी रक्तविकारांसाठीचे मूलपेशी-रोपण वगळता अन्य मूलपेशी उपचार केवळ मान्यताप्राप्त चाचण्यांपुरते मर्यादित ठेवले. तरीही हतबल कुटुंबांना हमखास गुणाची आश्वासने दिली जातात. अशा वेळी उपचारास कोणाची मान्यता आहे, तो चाचणीचा भाग आहे काय आणि असल्यास त्यासाठी पैसे का आकारले जात आहेत, हे तीन प्रश्न नातेवाइकांनी विचारलेच पाहिजेत.