ढोलावरचें नांव

रॉक संगीताच्या मंचावर गायक व गितारवादक पुढें उभे असतात. मागें ढोल आणि झांजा यांच्या गराड्यांत बसलेला एक वादक दोन्ही हातांनीं व दोन्ही पायांनीं एकाच वेळीं वाजवीत असतो. हा संच आज इतका परिचयाचा झाला आहे कीं तो मूळचाच एका माणसासाठीं घडविला असावा असें वाटतें. वस्तुस्थिति निराळी आहे. लष्करी बँडमध्यें मोठा ढोल एकाच्या गळ्यांत, स्नेअर ड्रम दुसऱ्याच्या कमरेशीं आणि झांजा तिसऱ्याच्या हातीं असत. स्नेअर म्हणजे खालच्या कातड्याला टेकून ताणलेल्या आंतड्याच्या दोऱ्या किंवा तारा. वर काठी पडली कीं त्या थरथरतात आणि ताशासारखा कोरडा कडकडाट उठतो. अमेरिकेंतील नाटकगृहांत तिघांना बसावयास जागा नसे, आणि तिघांना पगार देण्याची मालकाची इच्छा तर त्याहूनही नसे. तेव्हां एकानेंच दोन्ही ढोल शेजारीं मांडून त्याच काठ्यांनीं दोहोंवर आळीपाळीनें प्रहार करण्याची रीत पडली.

शिकागोचा विल्यम लुडविग हा असाच एक पोटार्थी वादक. पायानें ढोल वाजविण्याचीं साधनें त्यापूर्वीं नव्हतीं असें नाहीं. पण रॅगटाइमच्या धांवत्या लयीला तीं पुरीं पडत नसत. लुडविगनें लहानसें, चपळ पेडल बनविलें आणि १९०९ सालीं थिओबाल्ड या भावासह त्याचा धंदा सुरू केला. ढोल पायाकडे गेला, हात मोकळे झाले.

व्यापार भरभराटला, पण दैव सरळ चाललें नाहीं. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत थिओबाल्ड वारला. पुढें मूकपट जाऊन बोलपट आले आणि चित्रगृहांतील हजारों वादकांची भाकरी गेली. ज्यांना वाद्यें विकावयाचीं तेच बेकार! १९३० च्या सुमारास कारखाना कॉन कंपनीकडे गेला, आणि त्याबरोबर 'लुडविग' हें नांवही गेलें. कांहीं काळ त्याच कंपनीची चाकरी करून विल्यमनें १९३७ सालीं पुन्हां स्वतःचा कारखाना काढला. परंतु आपलेंच आडनांव आपल्याच ढोलावर घालण्याची त्याला सोय उरली नव्हती. 'डब्ल्यू. एफ. एल.' या आद्याक्षरांवर त्याला भागवावें लागलें. १९५५ सालीं बापलेकांनीं पैसे मोजून तें आडनांव परत घेतलें.

याच सुमारास आणखी एक बदल घडला. दमट हवेंत तबल्याची पुडी कशी उतरते हें मुंबईकरांस सांगावयास नको. वासराच्या कातड्याचे विलायती ढोलही तसेच ढिले पडत. १९५७ च्या आसपास मायलार या प्लास्टिकचीं पुडीं बाजारांत आलीं. तीं हवेला दाद देत नाहींत आणि जबर प्रहारही सोसतात. रॉक वादकांचा दणका कातड्यानें किती दिवस सोसला असता याची शंकाच आहे.

१९६३ सालीं लंडनच्या शाफ्ट्सबरी ॲव्हेन्यूवरील दुकानांत बीटल्सचा वादक रिंगो स्टार नवा संच घेण्यास गेला. त्याला भुरळ पडली ती नादाची नव्हे, रंगाची. काळ्या शिंपल्याची झांक असलेलें तें आवरण लुडविगच्या संचावर होतें. ९ फेब्रुवारी १९६४ रोजीं न्यूयॉर्कमधून झालेला त्यांचा कार्यक्रम सुमारें ७ कोटी ३० लक्ष अमेरिकनांनीं टेलिव्हिजनवर पाहिला, आणि मोठ्या ढोलाच्या दर्शनी पुड्यावर बँडच्या नांवाच्याही वर 'लुडविग' हीं अक्षरें त्यांना दिसलीं. विकत घेतलेल्या आडनांवाचें इतकें चीज क्वचितच झालें असेल. मागणी पुरवितां पुरवितां कारखान्याच्या नाकीं नऊ आले. त्या वर्षीं सप्टेंबरांत लुडविग कुटुंबानें रिंगोला सोन्याचा मुलामा दिलेला स्नेअर ड्रम नजर केला. पण तो आपला साधा लांकडी स्नेअरच वाजवीत राहिला.

चार्ली वॉट्सनें ग्रेट्शचा व कीथ मूननें प्रीमियरचा संच गाजविला हें खरें. तथापि, स्नेअर ड्रमपुरतें बोलावयाचें तर लुडविगच्या 'सुप्राफॉनिक'ची बरोबरी करणारें वाद्य दाखवितां येणें कठीण. ॲल्युमिनियमचें, वर क्रोमियम चढविलेलें हें चौदा इंची खोड. क्रोमियम त्यावर नीट टिकत नाहीं, जुन्या ढोलांना खड्डे पडतात. तरी मागणी त्यांनाच. त्याचाच साडेसहा इंच उंचीचा प्रकार लेड झेपेलिनच्या जॉन बॉनमनें सव्वीस इंची मोठ्या ढोलाशेजारीं ठेवला. हेडली ग्रेंज या जुन्या इंग्लिश घरांत त्याचा संच जिन्याच्या पायथ्याशीं मांडून ध्वनिग्राहक वर टांगले होते. त्या चौकांत घुमलेला नाद १९७१ च्या ध्वनिमुद्रिकेंत ऐकूं येतो.

१९८१ सालीं कुटुंबानें कारखाना सेल्मर कंपनीस विकला आणि नांव दुसऱ्यांदा परहस्तें गेलें. पुढें विल्यमच्या नातवानें स्वतःचे ढोल करावयास घेतले, तेव्हां त्यांवर त्यानेंही आजोबांचीं तींच तीन आद्याक्षरें घातलीं.