नळदुर्गचा पूल, लातूरची पेठ

१३ सप्टेंबर १९४८, पहाटे ४

सोलापूरला तळ दिलेले भारतीय सैन्य हैदराबादच्या निजामाच्या हद्दीत शिरते. सोलापूरजवळची कुंभारी मुंबई प्रांतात. तिच्या ईशान्येला, हैदराबादच्या रस्त्यावरचे नळदुर्ग निजामाचे. त्या मुलखाला सोलापूरकडे मोगलाई म्हणत. तिथून पळून आलेली माणसे कित्येक महिने लुटीच्या, जाळपोळीच्या कहाण्या सांगत होती. त्यांत निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या जोडीला अरब, रोहिले, पठाण ही नावे हटकून येत.

अरब इथे नवखे नव्हते. मे १८१८ मध्ये सोलापूरच्या किल्ल्यापाशी इंग्रज सेनापती मन्रोच्या फौजेला तोंड देणाऱ्या पेशव्यांच्या पायदळात अरब होते. पेशवाई बुडाली आणि दख्खनच्या अरबांना निजामाचा आश्रय उरला. येमेनकडच्या हद्रमौतमधून याफी, कथीरी टोळ्यांचे लढवय्ये हैदराबादेत येतच राहिले. त्यांचे जमादार सावकार झाले; उमर बिन अवद अल-कुआयती या जमादाराच्या हैदराबादी पैशावर तर हद्रमौतमध्ये एक सल्तनत उभी राहिली. शंभरेक वर्षे या माणसांचे इमान पगाराशी आणि जमादाराशी होते. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी याच्या काळात त्यांची बंदूक एका धर्माच्या नावाने चालू लागली, आणि सगळा अनर्थ मला इथेच दिसतो. पगारी शिपायाचा हिशेब शिपायाशीच संपतो. धर्माच्या नावाने लढणाऱ्याचा हिशेब त्या धर्माच्या प्रत्येक घराकडून वसूल केला जातो.

उजाडताना

बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागतो. तो उडवण्याचे काम ज्याच्याकडे होते, तो निजामाचा भाडोत्री इंग्रज पकडला जातो. शीख पलटण नळदुर्गावर चढाई करते. तुळजापुरात निजामाची पलटण आणि सुमारे २०० रझाकार दोन तास लढून शरण येतात.

सकाळी ९

रणगाडे जळकोटात.

दुपारी ३.१५

उमरगा. हद्दीच्या आत ६१ किलोमीटर. फौजेला पुढे जायची घाई आहे, आणि मागे सुटलेल्या गावांत निजामाचा अंमल संपलेला, नवा बसलेला नाही. हद्द ओलांडायला आता कोणाची आडकाठी नाही.

१७ सप्टेंबर, संध्याकाळी ५

निजाम रेडिओवरून युद्धबंदी जाहीर करतो.

१८ सप्टेंबर, दुपारी ४

जनरल अल-इद्रूस भारतीय फौजेच्या जनरल चौधरींपुढे शरण येतात. निजामाचे हे सेनापती स्वतः हद्रमी सय्यद घराण्यातले. पण ते आणि त्यांचे सैनिक शिस्तीत शस्त्रे खाली ठेवू शकले. खेड्यातल्या मुसलमान विणकराला, कुळाला शरण जायला कोणी जनरल नव्हता.

त्यानंतरचे तास कोणी मोजले नाहीत. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गावोगाव फिरून जे नोंदवले ते वाचताना जीव घाबरा होतो: संस्थानभर किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांवर सर्वांत मोठा घाला पडला. रझवीने जिथे वकिली केली त्या लातुरात कत्तल वीसहून अधिक दिवस चालली. फौजेमागून हद्दीपलीकडे गेलेल्या सशस्त्र टोळ्यांत सोलापूर आणि इतर शहरांतली माणसे होती, असे समितीने स्पष्ट लिहिले. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही लुटीत, हत्येत सामील झाले. जीव धोक्यात घालून मुसलमान शेजाऱ्यांना लपवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्याच अहवालात आहे. रझाकारांनी जाळलेली गावे खरी, त्यांचे दुःख खरे. पण लातुरात मेलेल्यांनी ती जाळलेली नव्हती.

बाहेरच्यांनी येऊन लढायचे आणि किंमत तिथल्यांनी मोजायची, हे इथेच संपले नाही. जुलै २०२५ मध्ये सीरियाच्या स्वैदात द्रुझ पंथीय आणि बेदुइन यांच्यात पेटले, तेव्हा देशभरातून अरब टोळ्यांचे लढवय्ये तिकडे धावले. घरे मात्र तिथल्या द्रुझांची आणि तिथल्याच बेदुइनांची उठली.

हैदराबादेत बाहेरून आलेल्या अनेक अरबांना नजरकैदेत ठेवून पुढे मायदेशी धाडले गेले. रझवीला शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला. सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारने कित्येक दशके प्रसिद्ध केला नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात मुक्तिदिनाचे झेंडावंदन होते, आणि ते व्हायलाच हवे. त्या दिवशीच्या भाषणांत लातूरचे ते वीस दिवसही यायला हवेत, आणि सोलापूरकडून गेलेल्या टोळ्याही.