रेवतीचा बाप आणि इटलीतली स्कूटर

तारीख १६ नोव्हेंबर १९८०, वार रविवार. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या एका विटांच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर तुम्ही येऊन उभे राहिलात आणि पहिल्यांदा जाणवतोय तो उकाडा. बाहेर बोचरी थंडी, आत रेडिएटर फुसफुसतोय, आणि तो कमी करणं भाडेकरूच्या हातात नाही. दाराशी बुटांचा ढीग आहे. तुमचेही काढून ठेवा. तुम्ही कोणाला दिसत नसलात तरी घरात आजी आहेत.

दिवाळी होऊन आठवडा उलटलाय, डब्यात तळाचा चिवडा उरलाय. पोहे मिळाले नाहीत म्हणून तो राईस क्रिस्पीजचा केलाय. चव घेऊन बघा, वाईट नाही. आठ वाजत आलेत. दहा वर्षांचा नातू उठून टीव्हीचं बटण खटखट फिरवत तेरा नंबरच्या चॅनेलवर आणतो, अँटेनाची एक काडी खिडकीकडे वळवतो आणि तिथेच गालिच्यावर बसतो. शेजारच्या इमारतीतले काका-काकूही आलेत. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारपासून हा शिरस्ता पडलाय. उन्हाळ्यात हॉलिवूडच्या नटांनी संप केला, मोठ्या चॅनेलांच्या नव्या मालिका लांबल्या, ‘डॅलस’मधल्या जे. आर.वर गोळी कोणी झाडली हे अजून कळलेलं नाही. ते कळायला येता शुक्रवार उजाडेल. अशा दिवसांत कार्ल सेगन नावाचा कॉर्नेलचा प्राध्यापक ‘कॉसमॉस’ घेऊन आला. मधे जाहिराती नाहीत, मारामाऱ्या नाहीत. टर्टलनेक स्वेटर घातलेला माणूस पिसासारख्या बीजाच्या आकाराच्या यानात बसून तारे बघतो, एवढंच. संपाचा हात लागला हे खरं, पण संप मिटल्यालाही तीन आठवडे होऊन गेले आणि खोली अजून भरलेलीच आहे.

या आठवड्यात तर जास्तच. बुधवारी व्हॉयेजर-१ हे यान शनीच्या ढगांपासून सव्वा लाख किलोमीटरांवरून गेलं. पेपरातल्या फोटोत कड्यांच्या आत कडी, शेकड्यांनी. आजींनी तो फोटो बराच वेळ निरखला होता. त्यांच्या मधल्या मुलाला साडेसाती चालू आहे. “एवढा देखणा असेल असं वाटलं नव्हतं,” एवढंच त्या म्हणाल्या.

आता दिवा मालवलाय. मालिका इटलीतल्या एका गावात आलीय, लिओनार्दोच्या विंचीत. सेगन म्हणतो, धरून चाला की प्रकाशाचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच आहे. एक पोरगा धाकट्या भावाला बाकावर बसवून स्कूटरवरून फेरी मारायला जातो. वेग त्या मर्यादेच्या जवळ नेतो, रस्ता आणि झाडं पुढच्या बाजूला गोळा होतात, रंग बदलतात. पोरगा परततो, त्याच्या लेखी काही मिनिटांत. बाकावर धाकटा भाऊ म्हातारा होऊन बसलाय.

“म्हणजे हा मेला नाही ना?” काकू विचारतात.

“नाही हो. याच्या घड्याळात तेवढाच वेळ गेला,” काका समजावतात, पण त्यांचा आवाजही पुरता खात्रीचा नाही. दोघे इंजिनिअर आहेत या खोलीत, काका आणि यजमान, पण पुलाच्या खांबांना आइन्स्टाइनची गरज पडत नाही.

तेवढ्यात आजी बोलतात. “रेवतीच्या बापाचं असंच झालं.”

नातू वळून बघतो. मग आजी सांगतात. राजा ककुद्मी, मुलीला साजेसा नवरा विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गंधर्वांचं गाणं चालू होतं, म्हणून क्षणभर थांबला. गाणं संपलं, त्याने यादी काढली, तर ब्रह्मदेव हसले. अरे, ते सगळे कधीच गेले, खाली सत्तावीस चौकड्या युगं उलटली. मग रेवती बलरामाला दिली. ती जुन्या युगाची म्हणून फार उंच, तर त्याने नांगराने तिला बेताची केली.

“पण आजी, ब्रह्मदेव स्पीडमध्ये कुठे होता? स्पीडमुळे वेळ हळू होतो.”

“मग राजा वर गेला कसा? चालत?”

खोलीत हशा पिकतो. पण पोराचा प्रश्न सोडू नका. आज या घरात विचारलेला तो सगळ्यात चांगला प्रश्न आहे. गोष्टीत वेळ जागेप्रमाणे बदलतो, सेगनच्या खेळात वेगाप्रमाणे. फरक त्याला दिसला, कारण आजींनी धरायला मूठ दिली. मूठ म्हणजे भांडं नव्हे, आणि आजींचाही तसा दावा नाही.

यजमान हसण्यात नाहीत. तीन वर्षांपूर्वी ते सांगलीला गेले होते, तेव्हा धाकटा भाऊ स्टँडवर घ्यायला आला होता. डोक्यावरचे केस गेलेले.

आता दोन आठवडे पुढे सरका. ३० नोव्हेंबर, तीच खोली. आज पडद्यावर तमिळनाडू आहे. पोंगल, चोळांचं देऊळ, काशाचा नटराज. अमेरिकन टीव्हीवर भारत म्हणजे एरवी पूर आणि भूक. इथे एक अमेरिकन शास्त्रज्ञ देवळात उभा राहून आदराने बोलतोय. काकूंच्या डोळ्यांत पाणी आहे, त्यांना हसू नका. सेगन सांगतो, ब्रह्मदेवाचा दिवस-रात्र मिळून ८६४ कोटी वर्षांचा, पृथ्वीच्या वयाहून मोठा. आजी मान डोलावतात. रोजच्या पूजेच्या संकल्पात त्या कल्प, मन्वंतर, युग असा पत्ता सांगत आल्याच आहेत.

काका तर उभेच राहिलेत. “ऐकलंत? फक्त आपल्या धर्मातला काळ आजच्या विज्ञानाशी जुळतो! सेगन म्हणतोय!”

“आपले नारळीकर तर महास्फोटच मानत नाहीत,” यजमान म्हणतात, “मग जुळवायचं कशाशी?”

काकांना ते ऐकू येत नाही. उद्या ते ऑफिसात हे वाक्य सांगतील, शनिवारी फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात सांगतील. तुम्हीही ते तुमच्या फोनवर वाचलंय, सुप्रभातच्या फुलांखाली, सेगनच्या फोटोसकट. त्यात काही शब्द कमी होते. इथे टेप नाही, मागे नेऊन पुन्हा ऐकता येत नाही, आणि तुम्हाला बोलायची मुभा नाही.

गालिच्यावरून पोरगा म्हणतो, “काका, तो ‘नो डाउट बाय ॲक्सिडेंट’ पण म्हणाला. योगायोगाने जुळतं म्हणाला.”

“तू झोपायला जा,” काका म्हणतात, “उद्या शाळा आहे.”