दोन पायल्या

परवा रात्री झोप येईना म्हणून टीव्ही लावला. ॲमेझॉनच्या काठावरच्या एका गावावर माहितीपट चालू होता. चहूबाजूंनी घनदाट जंगल, रस्ता नाही, जे काही यायचं-जायचं ते नदीतून. सव्वाशे वर्षांपूर्वी, रबराला सोन्याचा भाव होता तेव्हा, तिथे होडीतून व्यापारी यायचा. मीठ, कापड, पीठ, सुऱ्या असं सगळं उधारीवर द्यायचा आणि बदल्यात रबर न्यायचा. दोन्हीचे भाव तोच ठरवायचा. त्यामुळे चीक काढणाऱ्याचं खातं कधी कोरं व्हायचंच नाही.

मी उठून बसलो. म्हटलं, अरे, हे तर आपलंच दुकान!

घरातल्यांना माहीत आहेच, इतरांसाठी सांगतो. आमचं मूळ घर यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेड तालुक्यात, ढाणकीला. तिथून पुढे पैनगंगेच्या काठाने जे जंगल लागतं त्याला सगळे 'बंदी भाग' म्हणतात. बिटरगाव, दराटी, खरबी, सोनदाभी, मोरचंडी ही त्यातली गावं. लहानपणी मला वाटायचं तिथे कैदी ठेवत असतील! जंगल ॲमेझॉनसारखं सदाहरित नाही. आपलं सागाचं, पानझडीचं, उन्हाळ्यात खराट्यासारखं दिसणारं. पण पावसाळ्यात नाले भरले की ही गावं जगापासून तितकीच तुटायची. आजोबांचं दुकान ढाणकीच्या बाजारात आणि गिऱ्हाईक बरंचसं या जंगलातलं. आंध, गोंड, थोडे कोलाम, शिवाय बंजाऱ्यांचे तांडे.

आजी त्या गिऱ्हाइकांचं वर्ष तोंडपाठ सांगायची. फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाखाली फुलं वेचायची. मग चारोळी. मे महिन्यात तेंदूपत्ता. पाऊस पडायच्या आत मोहाच्या बिया, त्यांचं तेल. मृगात ज्वारी, तूर, कपाशीची पेरणी. नदीच्या डोहात मासे. दिवाळीनंतर धावड्याचा डिंक, बांबूच्या टोपल्या, सुपं, ताटवे. म्हणजे बाराही महिने हाताला काम. आपल्याकडे बाळंतिणीला जे डिंकाचे लाडू करायचे, त्यातला डिंक तिथूनच यायचा.

मग ही माणसं गरीब का? हा प्रश्न मला चाळिशी उलटल्यावर पडला. शाळेत शिकलो ते 'दुर्गम भाग, म्हणून मागास'. पण दुर्गम कसला? तिथली चारोळी शहरातल्या मिठाईवर पोचत होती आणि तेंदूची पानं विडी होऊन कुठल्या कुठे जात होती. माल बाहेर जायला वाट होती. पैसा आत यायला तेवढी नव्हती.

आणि याचं कारण थोडंफार नदीत सापडतं.

पैनगंगा आधी फक्त नदी होती. अलीकडची मुलगी पलीकडे द्यायची, पलीकडचा बैल अलीकडच्या बाजारात विकायचा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात दिला आणि नदी सरहद्द झाली. अलीकडे इंग्रज, पलीकडे निजाम. अलीकडे कलदार रुपया, पलीकडे हाली सिक्का. सहा कलदार म्हणजे साधारण सात हाली. निजामाच्या हद्दीत माल न्यायचा तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात. सहस्रकुंडाचा धबधबा बघायला आपण जातो ना, तिथे अलीकडे मुरली आणि पलीकडे इस्लापूर. आज मध्ये फक्त यवतमाळ आणि नांदेड जिल्ह्यांची हद्द आहे. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत ती दोन राजवटींची होती आणि १९५६पर्यंत दोन राज्यांची, कारण किनवट तोवर हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं. शंभर वर्षं ही गावं अशी दोन्ही सरकारांच्या अगदी टोकाला राहिली. टोकाला कोण कशाला रस्ता बांधेल?

दुसरी रेघ जंगलाची. १८७८च्या आणि पुढे १९२७च्या वन कायद्याने सरकारी जंगलाभोवती कुंपण नसलेलं कुंपण पडलं. गवत कापायला परवाना, गुरं चारायला फी. म्हणूनच तर जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. मीठ आपल्याकडे बनत नव्हतं, तेव्हा वऱ्हाडाने राखीव जंगलातलं गवत कापून कायदा मोडला. आमच्या घरात या सत्याग्रहाचा फार अभिमान. पण गंमत बघा, सत्तर वर्षांनी, फेब्रुवारी २००० मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने अभयारण्यांतून गवतसुद्धा न्यायला मनाई झाली. आणि बंदी भागातलं बरंच जंगल पैनगंगा अभयारण्यात आलेलं. वाघ-बिबट्यांसाठी जंगल राखायला हवंच, त्याबद्दल माझा वाद नाही. पण ज्या गवताच्या भाऱ्यासाठी आपण पुढाऱ्यांना हार घातले, तोच भारा खेड्यातल्या बाईच्या डोक्यावर पुन्हा गुन्हा ठरला.

असो. सरकारवर बोलणं सोपं असतं. आता घराबद्दल.

वाड्याची वाटणी झाली तेव्हा माळा आवरायचं काम माझ्याकडे आलं. तिथे खतावण्यांच्या गठ्ठ्याखाली दोन पायल्या सापडल्या. दोन्ही पितळी, दोन्हीवर आजोबांच्या नावाची आद्याक्षरं. आजीच्या तोंडी 'घ्यायची पायली' आणि 'द्यायची पायली' असे शब्द मी ऐकले होते, पण मला वाटायचं ती सोवळ्या-ओवळ्याची काहीतरी भानगड असेल. त्या दिवशी मी एक ज्वारीने भरली आणि तीच ज्वारी दुसरीत ओतली. ओंजळभर खाली सांडली.

एक ओंजळ! त्यात काय एवढं? पण ज्येष्ठात मीठ आणि ज्वारी नेताना लहान पायली. फाल्गुनात मोह आणि चारोळी घालताना मोठी. वर ज्वारीची दिढी, म्हणजे एक पोतं नेलं तर सुगीला दीड परत. दर खेपेला एक ओंजळ, दर वर्षी शेकडो खेपा, पस्तीस वर्षं. मग वाडा, काकांचं इंजिनिअरिंग, बाबांची नोकरी, माझं इंग्रजी शाळेत जाणं. खतावणीत हे कुठेही लिहिलेलं नाही. खतावणी अगदी चोख आहे.

आजोबा दुष्ट नव्हते. पुरात अडकलेल्यांना ओसरीवर जेवू घालताना त्यांना पाहिलेले लोक अजून आहेत. सगळ्या बाजाराची रीतच तशी होती हेही खरं. ॲमेझॉनचा तो होडीवालाही बहुधा हेच म्हणाला असता.

आता काळ बदलतोय. २००६च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला देता येते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २०११मध्ये आपला बांबू स्वतः विकून दाखवला. २०२१मध्ये सरकारने मोहफुलं गोळा करण्या-साठवण्यावरचे निर्बंधही उठवले. म्हणजे मापणाऱ्याच्या हातातली पायली पहिल्यांदाच वेचणाऱ्याच्या हातात जाऊ शकते. सगळीकडे गेलीय असं मात्र नाही. पैनगंगेचंच बघा, वर इसापूरचं धरण झालं आणि आता उन्हाळ्यात खालच्या गावांना 'नदीत पाणी सोडा' म्हणून अर्ज करावे लागतात. नदीकाठी राहून!

काका हे वाचून रागावतील, ठाऊक आहे. चुलतभावाने मोठी पायली मागितली आहे, पुण्याच्या फ्लॅटमध्ये दिवाणखान्यात ठेवायला. पॉलिश केल्यावर छान दिसते म्हणे. मी त्याला सांगितलंय, खुशाल ने, पण दोन्ही ने आणि शेजारी शेजारी ठेव. कुणी विचारलं की दोन का, तर सांगायचं.

त्याचा अजून फोन आलेला नाही.