‘ऋतुकाल’ : शब्दाचा अर्थ आणि दिवसांची मोजणी

मराठीत ‘ऋतुकाल’ हा शब्द आज बहुधा रजःस्रावाच्या दिवसांना लावला जातो. ‘ऋतुमती’ म्हणजे बाहेरची बसलेली स्त्री, असे विद्यार्थीही समजून चालतात. धर्मशास्त्र व आयुर्वेद यांचे ग्रंथ वाचताना हा अर्थ घातक ठरतो. तेथे ऋतुकाल म्हणजे गर्भधारणेस योग्य असा काल होय. मनुस्मृतीने तो सोळा रात्रींचा सांगितला आहे. त्यांतील पहिल्या चार, तसेच अकरावी व तेरावी या वर्ज्य करून उरलेल्या दहा प्रशस्त मानल्या आहेत. सुश्रुतसंहितेत ऋतु बारा रात्रींचा आहे, आणि तो सरल्यावर दिवसअखेरीच्या कमळाप्रमाणे योनी मिटते, असा दृष्टान्त आहे.

या आकड्यांवरून प्राचीनांस स्त्रीबीजाच्या उत्सर्गाचे ज्ञान होते, असे प्रतिपादन अधूनमधून केले जाते. ते मान्य करता येत नाही. अठ्ठावीस दिवसांच्या पाळीत बीज साधारणतः चौदाव्या दिवशी सुटते, म्हणून सोळा रात्रींचा हिशेब जुळतो, एवढेच. पाळी पस्तीस दिवसांची असेल तर हाच दिवस एकविसाव्याच्या आसपास जातो, आणि शास्त्राने सांगितलेला काल तोवर संपलेला असतो. तथापि एक गोष्ट नमूद केली पाहिजे : स्रावानंतरचा काल फलदायी, ही दिशा बरोबर होती. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यकाची ती नव्हती. कुत्रीच्या माजातील रक्तस्रावाशी स्त्रीच्या रजःस्रावाची तुलना करून, बीज स्रावाच्याच सुमारास सुटते, असे तेथे मानले गेले. परिणामी महिन्याचा मध्य निर्धोक असल्याचा सल्ला कित्येक जोडप्यांना मिळाला. फॉन बेअरने सस्तन प्राण्याचे बीज 1827 मध्येच पाहिले होते, पण ते केव्हा सुटते हा प्रश्न त्याने सुटला नव्हता.

तो सोडविला जपानमधील निइगाता येथील क्यूसाकू ओगिनो याने 1924 मध्ये, व स्वतंत्रपणे ऑस्ट्रियन वैद्य हेर्मान क्नाउस याने 1928 च्या सुमारास. ओगिनोचे मर्म मोजणी उलटी करण्यात आहे. मागील पाळीपासून पुढे न मोजता येणाऱ्या पाळीपासून मागे मोजावे. बीजोत्सर्ग तिच्या आधी 12 ते 16 दिवसांत होतो. अडचण अशी की, येणारी पाळी आल्याखेरीज कळत नाही! म्हणून व्यवहारात पुन्हा पुढेच मोजणे आले. 1952 च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे स्त्रियांना रंगीत मण्यांच्या माळा देऊन दिवस मोजावयास शिकविले गेले, त्यामागेही हीच मोजणी होती.

अॅलन विल्कॉक्स व सहकाऱ्यांनी 1995 मध्ये 221 स्त्रियांच्या निरीक्षणावरून दाखविले की, गर्भधारणा केवळ सहा दिवसांतील समागमानेच झाली : बीजोत्सर्गाचा दिवस व त्याआधीचे पाच. पाच दिवस आधी संभव सुमारे दहा टक्के, प्रत्यक्ष त्या दिवशी तेहतीस टक्के. हे सहाही दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत पडतात अशा स्त्रिया सुमारे तीस टक्केच, असे त्यांच्याच 2000 मधील लेखात आढळते. सम रात्री पुत्र व विषम रात्री कन्या, या मनूच्या वचनालाही 1995 च्या निरीक्षणांत आधार मिळत नाही; समागमाच्या दिवसाचा अपत्याच्या लिंगाशी संबंध दिसला नाही.